गर्भातील मूत्रपिंडदोषांचे निदान : सोनोग्राफी, कायदा आणि जन्मानंतरची साखळी

गर्भवतीच्या सोनोग्राफीचा विषय निघाला की आपल्या देशातील चर्चा साहजिकच गर्भलिंगनिदानाकडे वळते. मुलींच्या घटत्या प्रमाणामुळे या यंत्राला जी अपकीर्ती मिळाली ती अनाठायी नाही. तथापि, याच यंत्राचे दुसरे एक कार्य आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. बाळाची मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय व जननेंद्रिये यांतील जन्मजात दोष जन्मापूर्वीच ओळखणे हे ते कार्य होय. गर्भावस्थेत ओळखल्या जाणाऱ्या सर्व जन्मजात दोषांपैकी सुमारे २० ते ३० टक्के दोष मूत्रसंस्थेचे असतात. लहान मुलांमधील मूत्रपिंड निकामी होण्याच्या घटनांमागेही हेच दोष मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्यामुळे हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. तो आरोग्यसेवेचे नियोजन, कायदा आणि सार्वजनिक खर्च यांच्याशीही निगडित आहे.

प्रारंभी एक कल्पित उदाहरण घेऊ. रायपूर शहरातील चौबे कॉलनी ही तेथील मराठी समाजाच्या परिचयाची वसाहत आहे. महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच भागात आहे. छत्तीसगड आणि विदर्भ यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर होती आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर व रायपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती. दोन्हीकडील मराठी कुटुंबांत आजही सोयरीक होते. समजा, चौबे कॉलनीत माहेर असलेल्या एका तरुणीचे सासर नागपुरास आहे. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यात तिची सोनोग्राफी नागपुरात होते. बाळाच्या डाव्या मूत्रपिंडात ८ मिलिमीटरची सूज असल्याची नोंद अहवालात येते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि प्रथेप्रमाणे ती बाळंतपणासाठी माहेरी येते. रायपुरात तिची प्रसूती सुखरूप होते. बाळ रडते, दूध पिते, त्याचे वजनही चांगले भरते. तिसऱ्या दिवशी माय-लेकरू घरी जातात. सोनोग्राफीची फाइल मात्र नागपुरातील कपाटात राहिलेली असते.

त्या ८ मिलिमीटरच्या नोंदीचे पुढे काय होते, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. निदानाचे तंत्र शहरांत पोहोचले आहे, योजनाही आहेत. गर्भावस्थेतील नोंद जन्मानंतरच्या तपासणीपर्यंत पोहोचविणारा दुवा मात्र अद्याप कच्चा आहे.

तंत्र काय दाखवते?

सोनोग्राफीमध्ये मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरी शरीरात सोडल्या जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर प्रतिमा तयार होते. प्रसूतिशास्त्रात या तंत्राचा पाया ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मधील शोधनिबंधाने घातला. या तंत्रात क्ष-किरणांचा वापर होत नाही. घन ऊतींवरून लहरी परावर्तित होतात, तर द्रवातून त्या सरळ पार होतात. म्हणून द्रवाने भरलेला भाग पडद्यावर काळा दिसतो. मूत्र हा द्रव असल्याने ते जेथे तुंबते तेथे काळी पोकळी ठळकपणे उमटते. मूत्रसंस्थेतील अडथळे गर्भावस्थेत तुलनेने सहज लक्षात येतात ते याच कारणाने.

गर्भाची मूत्रपिंडे सुमारे दहाव्या आठवड्यापासून मूत्र तयार करू लागतात. सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलाचा बहुतांश भाग हा बाळाचे मूत्रच असतो. बाळ हे जल गिळते आणि पुन्हा मूत्ररूपाने बाहेर टाकते. या चक्रामुळे गर्भजलाचे प्रमाण हे मूत्रपिंडांच्या कार्याचे मापक ठरते. दोन्ही मूत्रपिंडे नसतील अथवा मूत्र बाहेर पडण्याचा मार्गच बंद असेल, तर गर्भजल घटते. गर्भजलाअभावी बाळाची फुप्फुसे नीट वाढत नाहीत आणि जन्मानंतर श्वसनाचा गंभीर प्रश्न उद्भवतो. म्हणजेच मूत्रपिंडाचा दोष फुप्फुसांच्या मार्गाने जिवावर बेततो. ही कार्यकारणाची साखळी विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी.

अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान जी सविस्तर तपासणी केली जाते, तीत पुढील बाबी पाहिल्या जातात : मूत्रपिंडे दोन आहेत का व योग्य जागी आहेत का, त्यांची रचना व आकार कसा आहे, मूत्राशय दिसते का, ते भरते व रिकामे होते का, आणि गर्भजल पुरेसे आहे का. गर्भाचे मूत्राशय साधारणतः अर्ध्या तासात भरून रिकामे होते. म्हणून ते एकदा दिसले नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा पाहावे लागते. गर्भजल फार कमी असेल, तर सोनोग्राफीची प्रतिमा अस्पष्ट होते. अशा मोजक्या प्रसंगी एमआरआय तपासणीची मदत घेतली जाते.

सूज म्हणजे काय?

अहवालातील ‘मूत्रपिंडाची सूज’ हा शब्दप्रयोग पालकांना घाबरविणारा आहे. येथे सूज याचा अर्थ जंतुसंसर्गाने आलेली सूज असा नाही. मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र प्रथम नरसाळ्यासारख्या एका पोकळीत जमा होते व तेथून मूत्रवाहिनीत उतरते. या पोकळीस वृक्कद्रोणी म्हणतात. तीत मूत्र साचून ती फुगली की तिला हायड्रोनेफ्रोसिस अथवा बोलीभाषेत सूज असे म्हटले जाते. सुमारे १ ते ५ टक्के गर्भधारणांमध्ये ती आढळते. एखाद्या जिल्ह्यात वर्षाला १०,००० प्रसूती होत असतील, तर या प्रमाणानुसार १०० ते ५०० बाळांच्या अहवालात अशी नोंद अपेक्षित आहे.

यांपैकी बहुसंख्य बाळांना कोणताही आजार नसतो. वाढीच्या ओघात आलेली ही फूग आपोआप ओसरते. उरलेल्यांमध्ये वृक्कद्रोणी व मूत्रवाहिनी यांच्या सांध्यातील अडथळा, मूत्राशयातील मूत्र उलट दिशेने वर चढणे आणि मूत्रमार्गातील पडद्यामुळे आलेला अडथळा अशी कारणे सापडतात. कोणत्या बाळाची काळजी अधिक करावी, हे फुगीच्या मापावरून ठरते. दुसऱ्या तिमाहीत ४ मिलिमीटर व तिसऱ्या तिमाहीत ७ मिलिमीटर अथवा त्याहून अधिक व्यास असेल, तर ती नोंद घेण्याजोगी मानली जाते. दुसऱ्या तिमाहीत ७ मिलिमीटरपर्यंतची सूज सौम्य, ७ ते १० मिलिमीटर मध्यम आणि त्यापुढील तीव्र समजली जाते. तिसऱ्या तिमाहीत याच पायऱ्या ९ व १५ मिलिमीटरच्या आहेत.

अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सौम्य सूज असलेल्या बाळांपैकी सुमारे १२ टक्के, मध्यम सूज असलेल्यांपैकी ४५ टक्के आणि तीव्र सूज असलेल्यांपैकी ८८ टक्के बाळांमध्ये जन्मानंतर प्रत्यक्ष विकार आढळला. या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. सौम्य सूज दिसली म्हणून गर्भपाताचा विचार करणे पूर्णतः चुकीचे आहे, कारण अशा १०० पैकी ८८ बाळे या दृष्टीने निरोगी असतात. दुसरे असे की, जन्मानंतर तपासणी न करणेही तितकेच चुकीचे आहे. आपल्या उदाहरणातील ८ मिलिमीटरची सूज मध्यम प्रकारात मोडते. त्या बाळाला विकार असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे आणि वरवर पाहता ते पूर्ण निरोगी दिसते.

विलंब कोठे महाग पडतो?

सर्व दोषांत काळाचे महत्त्व सर्वाधिक आहे ते मूत्रमार्गातील पडद्याच्या दोषात. वैद्यकीय परिभाषेत यास पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात. मुलग्यांच्या मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागात पातळ पडदा तयार होऊन मूत्राची वाट अडते. सुमारे ५,००० ते ८,००० मुलग्यांमागे एकात हा दोष असतो. सोनोग्राफीत मूत्राशय मोठे व जाड भिंतीचे दिसते, दोन्ही मूत्रपिंडांत सूज असते आणि मूत्राशयाखालचा मार्ग फुगल्याने प्रतिमेला कुलपाच्या छिद्रासारखा आकार येतो. जन्मानंतर लगेच नळी घालून मूत्राला वाट करून देणे आणि नंतर दुर्बिणीतून तो पडदा छेदणे हा उपचार आहे. उपचारानंतरही काही मुलांची मूत्रपिंडे पुढे निकामी होतात, कारण हानी गर्भातच झालेली असते. तरीही विलंबामुळे होणारी अधिकची हानी टाळणे आपल्या हाती असते.

गर्भातच शस्त्रक्रिया करून हा अडथळा दूर करता येईल का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. मायकेल हॅरिसन यांनी १९८१ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली आणि गर्भशल्यचिकित्सेचे नवे दालन उघडले. त्यानंतर गर्भाच्या मूत्राशयात बारीक नळी बसवून मूत्र गर्भजलात सोडण्याची पद्धत प्रचारात आली. या पद्धतीची शास्त्रीय चाचणी ब्रिटन, आयर्लंड व नेदरलँड्स येथे घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरेशा महिला सहभागी न झाल्याने ती ३१ महिलांवरच थांबवावी लागली. बाळ वाचण्याची शक्यता वाढत असावी असे संकेत मिळाले. मात्र मूत्रपिंडांचे कार्य सामान्य राहिलेली मुले फारच थोडी होती. सारांश, गर्भातील शस्त्रक्रिया हा अजूनही निवडक प्रसंगी योजण्याचा उपाय आहे. बहुसंख्य बाळांचे हित जन्मानंतरच्या वेळेवर तपासणीतच आहे.

जननेंद्रियांच्या दोषांबाबत सोनोग्राफीची मर्यादा अधिक आहे. मुलीच्या गर्भात बीजकोशावर द्रवाची गाठ दिसू शकते. आईच्या संप्रेरकांमुळे ती येते आणि जन्मानंतर बहुधा विरते. योनिमार्ग बंद असल्यास त्यात द्रव साचून ओटीपोटात गाठ दिसते आणि ती मूत्रवाहिन्यांवर दाब आणते. मुलग्यांचे अंडकोश गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत खाली उतरतात. म्हणून त्याआधी ते जागेवर नसणे हा दोष नव्हे. काही बाळांची बाह्य जननेंद्रिये स्पष्टपणे स्त्री वा पुरुष अशी नसतात. यामागे अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार असू शकतो. त्यात शरीरातील क्षार निघून जाऊन जन्मानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ अत्यवस्थ होते. अशा बाळाच्या रक्ताची तपासणी तातडीने व्हावी लागते. बाळाला घाईने कोणत्या तरी एका लिंगात बसविण्यासाठी शस्त्रक्रिया करणे मात्र योग्य नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध निर्णय दिला आहे.

कायद्याची चौकट

येथे एक पेच उभा राहतो. मूत्र व जनन संस्थांचे दोष शोधताना डॉक्टरांना ज्या भागाकडे पाहावे लागते, नेमक्या त्याच भागावरून गर्भाचे लिंग कळते आणि लिंग सांगण्यास कायद्याची मनाई आहे.

या विषयावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. त्यानंतर संसदेने १९९४ मध्ये प्रसवपूर्व निदान तंत्राविषयीचा कायदा संमत केला व तो १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला. अंमलबजावणी होत नसल्याची तक्रार घेऊन ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. दुरुस्तीनंतर १४ फेब्रुवारी २००३ पासून हा कायदा गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र (लिंग निवडीस प्रतिबंध) कायदा या नावाने ओळखला जातो. कायद्याची गरज आकडेवारीवरून स्पष्ट होते. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात तर ती ८०७ होती. छत्तीसगडमध्ये हे प्रमाण २००१ मध्ये ९७५ व २०११ मध्ये ९६९ होते.

कायद्याचे कलम ४ निदानतंत्राचा वापर कोणत्या कारणांसाठी करता येतो ते सांगते. गुणसूत्रांतील दोष, आनुवंशिक चयापचयविकार, रक्तातील हिमोग्लोबिनचे विकार, लिंगसंलग्न आनुवंशिक आजार आणि जन्मजात व्यंगे ही ती कारणे होत. मूत्रसंस्थेचे दोष जन्मजात व्यंगांत मोडतात. कलम ५ अन्वये गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास मनाई आहे. कलम ६ लिंग जाणून घेण्याच्या हेतूने तपासणी करण्यास प्रतिबंध करते. प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ‘एफ’ नमुन्यात ठेवावी लागते. आपण गर्भाचे लिंग शोधले नाही व कोणासही सांगितले नाही, असे डॉक्टरांना तीत लिहून द्यावे लागते. नोंदीतील त्रुटी हीदेखील कायद्याचा भंग मानली जाते. ही तरतूद व त्यावरील शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरविली. पहिल्या गुन्ह्यासाठी डॉक्टरांना ३ वर्षांपर्यंत कारावास व १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लिंगनिदान करवून घेणाऱ्या नातेवाइकांसही ३ वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गर्भवतीवर पती अथवा नातेवाइकांनी सक्ती केली असावी, असे कायदा गृहीत धरतो. त्यामुळे तिला संरक्षण मिळते.

मूत्रमार्गातील पडद्याचा दोष तर केवळ मुलग्यांमध्येच होतो. मग त्याचे निदान लिहावे कसे? उत्तर अहवालाच्या भाषेत आहे. ‘मूत्राशयाच्या खालील मार्गात अडथळा, दोन्ही मूत्रपिंडांत सूज, गर्भजल कमी’ असे वर्णन केले असता लिंगाचा उल्लेख होत नाही आणि उपचाराच्या नियोजनात काहीही उणे राहत नाही. असा अडथळा क्वचित मुलींमध्येही अन्य कारणांनी येतो, म्हणून या वर्णनावरून लिंग निश्चित होत नाही. कायद्याचा रोख माहितीच्या गैरवापरावर आहे, आजाराच्या शोधावर नाही. कायद्याच्या भीतीने या भागाची तपासणीच टाळली, तर बाळाचे नुकसान होते. उलट, दोषाचे निमित्त करून लिंग सूचित केले, तर कायद्याचा मूळ उद्देश विफल होतो. परीक्षेच्या दृष्टीने पाहता, दोन सार्वजनिक हितांमध्ये समतोल साधणाऱ्या नियमनाचे हे उत्तम उदाहरण आहे.

वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याचाही येथे संबंध येतो. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत व विशिष्ट गटांतील महिलांसाठी २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत आवश्यक आहे. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास २४ आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. दोन्ही मूत्रपिंडे नसणे यासारख्या, बाळ जगू न शकणाऱ्या दोषांत ही तरतूद कुटुंबाला आधार देते. एका बाजूची सौम्य सूज या व्याख्येत मुळीच बसत नाही.

जन्मानंतरची साखळी

भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार गर्भावस्थेत सूज आढळलेल्या प्रत्येक बाळाची पहिल्या आठवड्यात सोनोग्राफी व्हावी. पहिल्या दोन दिवसांत बाळाचे मूत्र कमी असल्याने सूज असूनही ती दिसत नाही, म्हणून साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाचा काळ योग्य ठरतो. मूत्रमार्गात अडथळ्याची शंका असल्यास मात्र २४ ते ४८ तासांतच तपासणी करावी. पहिली तपासणी निर्दोष आली, तरी ४ ते ६ आठवड्यांनी ती पुन्हा करणे आवश्यक आहे.

आता शासकीय योजनांकडे पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मतः असणारे दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब अशा चार गटांत बालकांची तपासणी त्यात होते. जन्मजात दोषांच्या मूळ राष्ट्रीय यादीत मज्जानलिकेचे दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडे पाऊल, नितंबाच्या सांध्याचा दोष, मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयविकार व अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलविकार असे नऊ दोष आहेत. मूत्रपिंडाचे दोष त्यात नाहीत. बाळाला डोळ्यांनी पाहून ते ओळखता येत नाहीत, हे त्यामागील एक व्यावहारिक कारण म्हणता येईल. म्हणूनच अशा बाळांसाठी गर्भावस्थेतील सोनोग्राफीची नोंद हाच एकमेव पूर्वसंकेत उरतो.

तो संकेत पुढे नेणारी व्यवस्था आपल्याकडे तयार आहे, हे विशेष. गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यावर आधारित राष्ट्रीय कार्यक्रम २०११ पासून राबविला जातो. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट द्यावयाची असते. छत्तीसगडमध्ये हे काम मितानिन करतात. तेथील मितानिन कार्यक्रम २००२ मध्ये, म्हणजे आशा योजनेच्याही आधी सुरू झाला. तिसरा, सातवा व बेचाळिसावा दिवस हे भेटीचे दिवस आणि मूत्रपिंडांच्या तपासणीचे वेळापत्रक परस्परांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. ‘गरोदरपणीच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज होती का?’ हा एक प्रश्न या भेटींच्या यादीत समाविष्ट केला, तर नव्या यंत्रणेवाचून तुटलेला दुवा सांधता येईल.

खर्चाचा विचारही आवश्यक आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) शासकीय रुग्णालयांतील तपासण्या व उपचार विनामूल्य आहेत. आजारी नवजातांसाठीची ३० दिवसांची मर्यादा पुढे एक वर्षापर्यंत वाढविण्यात आली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची तपासणी होते. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण असून ते राज्याच्या सीमा ओलांडूनही लागू होते. मात्र बाह्यरुग्ण तपासण्या तीत येत नाहीत. वर्षानुवर्षे कराव्या लागणाऱ्या सोनोग्राफीचा व प्रवासाचा भार म्हणूनच पुष्कळदा कुटुंबावर पडतो आणि तेथेच पाठपुरावा खंडित होतो.

अर्थशास्त्रीय दृष्टी

अर्थशास्त्रात माहितीचे मूल्य तिच्यामुळे निर्णय किती सुधारतो यावरून ठरते. मूत्रपिंडाला सूज आहे ही माहिती मिळाली आणि त्यावर पुढे काहीच झाले नाही, तर तपासणीचा खर्च वाया गेला आणि पालकांच्या वाट्याला केवळ चिंता आली. याउलट पहिल्या आठवड्यातील एका सोनोग्राफीमुळे एखाद्या मुलाची मूत्रपिंडे वाचली, तर डायलिसिसचा दीर्घकालीन खर्च टळतो. शासनाने २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम हाती घेतला आहे आणि तो आवश्यकही आहे. परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षे चालणारा हा उपचार कुटुंबाच्या रोजगाराचे व मुलाच्या शिक्षणाचे दिवसही खर्ची घालतो. प्रतिबंधावरील खर्च लहान व आज होणारा असतो. त्याचा लाभ मोठा असला तरी अनेक वर्षांनी दिसतो. अशा सेवा केवळ बाजारावर सोपविल्यास अपुऱ्या पुरविल्या जातात, म्हणून त्यांत शासनाची भूमिका महत्त्वाची ठरते.

दुसरा मुद्दा माहितीच्या विषमतेचा आहे. डॉक्टरांना जे कळते ते पालकांना कळतेच असे नाही. इंग्रजीतील संक्षिप्त अहवाल, त्यातील मिलिमीटरचे आकडे आणि घाईत दिलेला सल्ला यांतून काही कुटुंबे अकारण घाबरतात, तर काही निष्कारण निश्चिंत राहतात. सूज सौम्य, मध्यम की तीव्र, जन्मानंतर कोणत्या दिवशी तपासणी करावी आणि ती कोठे होईल, हे तीन मुद्दे मातृभाषेत लिहून देणे हा यावरील कमी खर्चाचा उपाय होय.

समारोप

गर्भातील मूत्र व जननसंस्थेच्या दोषांचे निदान करण्याचे तंत्र आपल्याकडे आहे, कायद्याने त्यास मुभा आहे आणि पाठपुराव्यासाठी मनुष्यबळही गावोगावी आहे. या तिन्हींना जोडण्यासाठी तीन गोष्टी करणे आवश्यक आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर मूत्रपिंडाच्या सुजेची नोंद लिंगाचा कोणताही संकेत न देता ठळकपणे व्हावी. आशा व मितानिन यांच्या गृहभेटींत तिची विचारणा व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत राज्यांनी अशा नोंद असलेल्या बाळांचा समावेश करावा. बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची प्रथा आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे, म्हणून नोंद रुग्णालयाच्या कपाटात न राहता मातेच्या हाती असणे अगत्याचे आहे. आपल्या उदाहरणातील तरुणी चौबे कॉलनीत आली तेव्हा तिच्या पिशवीत ते कार्ड असते, तर पहिल्या आठवड्यातच रायपुरातील डॉक्टरांनी बाळाची सोनोग्राफी केली असती आणि विकार असण्याची निम्मी शक्यता खरी की खोटी हे तेव्हाच कळले असते.